दहा बाय आठचा जवान

मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बोरटेकच्या चौकात दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स लागला. ‘भारतीय सैन्यदलात निवड झाल्याबद्दल जवान बंडू नत्थुजी भुयार यांचे हार्दिक अभिनंदन’ असा त्यावर मजकूर होता. मागे तिरंगा, कोपऱ्यात रणगाडा आणि मधोमध गणवेशातला बंडू. चेहरा त्याचा होता. मानेखालचा भाग दुसऱ्या कोणाचा तरी होता.

त्याच वेळी खरा बंडू गावापासून दोन किलोमीटरवर, कालव्याच्या रस्त्यावर धावत होता. त्याने सोळाशे मीटर पाच मिनिटे सव्वीस सेकंदांत संपवले, गुडघ्यांवर हात टेकले आणि श्वास जागेवर येण्याची वाट पाहिली. त्याची निवड झालेली नव्हती. लेखी परीक्षा तो पास झाला होता, एवढेच. मैदानी चाचणी एकोणीस दिवसांनी अमरावतीला होती. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, मग बीमवर पुल-अप, मग नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी, मग डॉक्टर. आधीच्या दोन भरत्यांत तो एकदा सात सेकंदांनी आणि एकदा दोन सेकंदांनी मागे पडला होता. ही तिसरी. पुढची निघेपर्यंत त्याचे वय बसणार नव्हते.

फ्लेक्स इमरानने छापला होता. इमरान आणि बंडू याच कालव्यावर सोबत धावायचे. दोन वर्षांपूर्वी इमरानचे वय उलटले आणि तो अमरावतीला राजापेठेत आपल्या कुर्बानचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसू लागला. निकालाच्या दिवशी तिथल्या मशीनवर दुसऱ्या दिवसापर्यंत रांग लागते. म्हणून ओळखीच्यांची अभिनंदने इमरान आधीच छापून कोपऱ्यात उभी करून ठेवतो. दहावी असो, बारावी असो की ग्रामपंचायत. निकाल उलटा लागला तर तो फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावर जातो. बंडूचाही असाच उभा होता.

सोमवारी संध्याकाळी ओमप्रकाश दुकानात आला. त्याला बोरटेकला सरपंच भगवंतरावांच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायचा होता. ओमप्रकाशला फ्लेक्स बांधण्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता, उलगडून वाचण्याचा नव्हता. गुंडाळीवर मागून पेनाने ‘बोरटेक’ लिहिलेले त्याने पाहिले आणि ती उचलली. ‘बोरटेक’ लिहिलेल्या तिथे आणखी दोन गुंडाळ्या होत्या.

पावणेसहाला बंडूचे वडील नत्थुजी धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत जायला निघाले. ते तिथे मापारी होते. एकतीस वर्षे त्यांनी काट्यावरचा प्रत्येक आकडा एकदाच सांगितला होता आणि तो कोणी परत मोजला नव्हता. चौकात ते थांबले. चष्मा पुसला. फ्लेक्स दोनदा वाचला. मग चहाच्या टपरीवर बसलेल्या पाच जणांना म्हणाले, “पोरगं लागलं.” आकडा सांगावा तसे, एकदाच.

सव्वासहाला बंडू धावून परतला तेव्हा टपरीवाल्याने त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. तो गिळून होईपर्यंत बंडूने फ्लेक्स वाचला होता.

“बाबा, जरा इकडं या.”

“बापाले फ्लेक्सवरून समजाव का बे? घरी सांगता नाई येत?”

“बाबा, मी नाई लागलो.”

“आं?”

“ग्राउंडच नाई झालं अजून. एकोणीस दिवस हायेत.”

नत्थुजींनी फ्लेक्सकडे पाहिले. “मंग हे काय हाय?”

“इमऱ्यानं छापून ठेवलं असन.”

“निवड व्हायच्या आंधी?”

“मशीनवर गर्दी रायते ना मंग.”

नत्थुजींनी चष्मा काढून खिशात घातला. “उतरव,” ते म्हणाले.

बंडू खांबावर चढला आणि एक दोरी सुटली, तेवढ्यात भगवंतराव मोटरसायकलवरून आले. फ्लेक्सच्या तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून नऊ चेहरे होते. त्यातला सगळ्यात मोठा, तीन फुटांचा, भगवंतरावांचा. त्यांना कोणी विचारले नव्हते. पण त्यांच्या फोटोशिवाय बोरटेकच्या चौकात फ्लेक्स टिकत नाही, म्हणून इमरानच्या कॉम्प्युटरमध्ये ही रांग तयारच असायची. वाढदिवसाला तीच, श्रद्धांजलीलाही तीच, त्याच हसऱ्या चेहऱ्याने.

“काहून बे बंडू, माह्या फोटोची दोरी काहून सोडून राह्यला?”

“नाई काका... ढिली होती.”

“घट्ट बांध मंग. अन् खाली उतर. जवानानं असं खांबावर चढू नये. नत्थुजी, रविवारी सत्कार ठेवतो.”

नत्थुजींना खरे सांगायची संधी होती. टपरीवरचे पाचही जण ऐकत होते. “बरं,” नत्थुजी म्हणाले.

घराकडे जाताना बापलेक मधे चार हात अंतर ठेवून चालले.

“एकोणीस दिवस गप राय,” नत्थुजी म्हणाले. “तू पास झाला का फ्लेक्स खरा होते.”

“अन् नाई झालो तं?”

“तं मी काट्यापाशी कसा उभा राहू, ते तू सांग. अन् हे तुह्या मायले नोको सांगू. तिच्या तोंडातून पुऱ्या गावात जाईन.”

बंडूची आई गोदाबाई हिने पेढा हातात घेतला आणि फडताळात ठेवून दिला.

“किती दिवसांनी जा लागते?” तिने विचारले.

“एकोणीस,” नत्थुजी म्हणाले.

तिने परातीत पीठ घेतले.

बंडूने इमरानला फोन लावला.

“अबे यार, मले मारून टाक,” इमरान म्हणाला. “मी ओमप्रकाशले बड्डेवाला सांगतला होता. त्यानं तुलेच नेलं.”

“मंग तो बड्डेवाला कोठी हाय?”

“अठीच, कोपऱ्यात. माह्यावाल्याच्या बाजूले.”

“तुह्यावाला कोन्ता?”

“दोन वर्सांपासून हाय तो. राहू दे ना. फोन ठेव, गिऱ्हाईक आलं.”

बुधवारी पहाटे बंडू कालव्यावर धावताना दूधवाल्याला दिसला. “लागला ना तू?” दूधवाला गाडी थांबवून म्हणाला. “मंग आता कायले पयतं गा?” बंडूने सवय असल्याचे सांगितले. दुपारपर्यंत गावात बातमी होती, की बंडूच्या कागदात काहीतरी घोळ निघाला आणि त्याला पुन्हा धावायला लावले. संध्याकाळी भगवंतराव स्वतः विचारायला आले. गुरुवारपासून बंडूने धावणे बंद केले. निवड झालेल्या माणसाला सराव करण्याचे काही कारण नव्हते.

खाण्याला मात्र कारण होते. नोकरीवर जाणाऱ्या पोराला गल्लीतल्या प्रत्येक घराने जेवायला बोलवायचे, ही बोरटेकची रीत. गल्लीत अकरा घरे होती. एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हणणे म्हणजे पुढची दहा वर्षे त्या घराशी बोलणे बंद. पुरणपोळी झाली, वडे झाले, पाटवड्या झाल्या. शनिवारी सकाळी सात वाजता शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून त्याने ‘जिद्द’ या विषयावर भाषण केले आणि मुख्याध्यापकांच्या घरी नाश्ता केला. रविवारी मारुतीच्या पारावर सत्कार झाला. शाल, नारळ, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे. भगवंतराव स्वतः वाढत होते.

“अजून एक घे.”

“काका, पोटात जागा नाई.”

“घे म्हनतो ना. सीमेवर कोन देईन तुले तूप?” त्यांनी रोडगा फोडून तुपात बुडवला आणि वर पुन्हा तूप घातले.

नत्थुजी दर मंगळवारी लिलावाआधी पोराला बाजार समितीत नेऊन मोठ्या काट्यावर उभे करायचे. फ्लेक्स लागला त्या दिवशी तो बासष्ट किलो चारशे ग्रॅम भरला होता. पुढच्या मंगळवारी त्यांनी त्याला चपला काढायला लावल्या, आकडा वाचला, कपड्यांचे सातशे ग्रॅम बारदाना म्हणून वजा केले आणि पुन्हा वाचला.

“चौसष्ट नऊशे.”

“बाबा, तुमीच म्हनले होते नाई म्हनू नोको.”

“आठ दिवसांत अडीच किलो. तुरीचं पोतं बी इतक्या लवकर ओल धरत नाई बे.”

बुधवारी त्यांनी त्याला अकोल्याला, जठारपेठेत गंगूबाई मावशीकडे पाठवले. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हते, सकाळी मोकळेपणी धावता येणार होते. बंडू दुपारी पोचला तेव्हा मावशी नव्या साडीत दारात उभी होती. फ्लेक्सचा फोटो तिच्या मोबाइलवर आठ दिवसांपूर्वीच आला होता.

“हात-पाय धुऊन घे बाप्पा. पाच वाजता पोरगी पाहाले जा लागते.”

“मावशी, मी पोरगी पाहाले नाई आलो.”

“मंग कायले आला? जवानाले कोन नाई म्हनते का?”

मुलीचे नाव मंजुषा. तिचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवले. तिथे वाळत घातलेल्या पापडांच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले.

“सोळाशे कितीत मारता?” तिने विचारले.

“पाच सव्वीस.”

“रॅलीत?”

“नाई... गावात.”

“मी रॅलीतलं इचारून राह्यली.”

बंडू पापडांकडे पाहू लागला.

“अमरावतीची रॅली तं अकरा दिवसांनी हाय,” मंजुषा म्हणाली. “माह्या मामेभावाचं हॉलतिकीट मीच काढून देल्लं. मंग तुमी लागले कधी?”

बंडूने खाली कोणी ऐकत नाही ना ते पाहिले आणि सगळे सांगितले. इमरान, ओमप्रकाश, खांबावरची दोरी, अकरा घरे. मंजुषा हसली नाही. दोन वर्षांपासून ती पोलीस भरतीची तयारी करत होती, आणि हसण्याआधी वेळ मोजण्याची तिला सवय झाली होती.

“घरी सांगान?” त्याने विचारले.

“घरी म्हनीन, इचार करून सांगते. उद्या साडेपाचले ग्राउंडवर या. अन् हे पोट काय तुमी निवडीत कमावलं का?”

गुरुवारी पहाटे बंडूने सोळाशे मीटर पाच मिनिटे सत्तेचाळीस सेकंदांत मारले. मंजुषाने घड्याळ त्याच्या नाकासमोर धरले. “सतरा सेकंद,” ती म्हणाली. “म्हंजे तुमी अजून ग्राउंडवरच हा, अन् बाकीचे पोट्टे आंघोळ करून बसले.” तिने त्याला सकाळी धावायला लावले, संध्याकाळी धावायला लावले, आणि मावशीला डॉक्टरने सांगितल्याचे कळवून रात्रीचे जेवण एका भाकरीवर आणले. पुढच्या गुरुवारी तो पाच एकतीसवर आला. वजन चौसष्ट आठशे होते. तिने दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घातले.

“सैन्याच्या कोष्टकात तुमच्या उंचीले चौसष्ट बसते. तीन दिवस हायेत. काही खाऊ नोका.”

“अजून काही?”

“अन् फ्लेक्ससमोरून जाऊ नोका.”

त्याच दिवशी तो बोरटेकला परतला, कारण गावाने निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता. शुक्रवारी एका घरी जेवण, शनिवारी मारुतीपर्यंत अनवाणी मिरवणूक आणि पारावर दुसरे जेवण. या दोन पंगतींत त्याने मंजुषाची चिठ्ठी आठवून अर्धे ताट बाजूला सारले. उरलेल्या वेळी तो घरी होता आणि आईने वाढलेले जेवत होता.

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अमरावतीच्या मैदानावर बंडूची तुकडी रेषेवर उभी राहिली. तेवढ्यात बोरटेकच्या दोन गाड्या फाटकापाशी आल्या. गावाला आपला जवान नोकरीवर रुजू होताना पाहायचा होता. भगवंतराव हार घेऊन उतरले. जाळीपलीकडे छातीवर नंबर लावलेली शेकडो पोरे चड्डीत उभी होती.

“हे सारे कोन हायेत?” त्यांनी विचारले.

“याइची परीक्षा हाय,” नत्थुजी म्हणाले.

“अन् बंडूची?”

नत्थुजींनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही.

भगवंतराव जाळीतून बंडूकडे बराच वेळ पाहत राहिले. नंतर त्यांना बहुधा आपला तीन फुटांचा फोटो आठवला. ते गाडीकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, “जुने जवान नव्या पोट्ट्याइले फिटनेस दाखवून राह्यले. चला, च्या पिऊ.”

बंडू पहिल्या फेरीत मध्यावर होता, तिसरीत मागे होता. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो का धावला हे त्यालाही नंतर सांगता आले नाही. साडेपाच मिनिटांना रेषेवर दोरी आडवी पडते. ती पडली तेव्हा बंडू पलीकडे होता. त्याच्या मागच्या मुलाच्या छातीला ती लागली आणि तो मुलगा तिथेच खाली बसला. बंडूने त्याच्याकडे वळून पाहिले नाही. बीम निभावले. खड्डा पार केला. दुपारी त्याने इमरानला फोन केला.

“निंगालो.”

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मग इमरान म्हणाला, “म्हंजे माह्या फ्लेक्समंदी एक बी चूक नाई.”

रात्री बापलेक अमरावतीलाच राहिले आणि सोमवारी वैद्यकीय तपासणी झाली. छाती निकषात बसली, डोळे बसले, कान बसले. मग त्याला काट्यावर उभे केले. सदुसष्ट किलो शंभर. बंडू उतरून पुन्हा चढला. काट्याने तोच आकडा सांगितला. बंडूला कागद मिळाला: तात्पुरता अपात्र, वजन तीन किलो शंभर ग्रॅम जास्त, फेरतपासणी बेचाळीस दिवसांनी.

नत्थुजींनी तो कागद परतीच्या एसटीत चार वेळा वाचला. मग मंजुषाची चिठ्ठी मागून घेतली.

“गुरुवारी चौसष्ट आठशे,” ते म्हणाले. “आज सदुसष्ट शंभर. दोन किलो तीनशेचा फरक. बाहेर तू दोनदा जेवला, अन् ते बी अर्धं. हे बसत नाई.”

घरी आल्यावर ते चपला न काढता स्वयंपाकघरात गेले आणि संक्रांतीला भरलेला तुपाचा दोन किलोचा डबा उचलला. तो फारच हलका होता.

“बंडूची माय, तूप कोठी गेलं?”

“बंडूच्या पोटात,” गोदाबाई म्हणाली.

“सारं?”

“वरनात घातलं. भाकरीत घातलं. शिऱ्यात घातलं. शनिवारी रात्री दुधात बी घातलं, त्याले समजलं नाई.”

“काहून वं?”

गोदाबाईने पदराला हात पुसले. “त्याचं हॉलतिकीट माह्या पेटीत, साड्याइच्या खाली ठेवेल होतं. त्याच्यावर ग्राउंडची तारीख होती. मले वाचता येते. फ्लेक्स लागला त्या दिवशीच मले समजलं, का हा लागला नाई.”

“मंग बोलली काहून नाई?”

“तुमी बोलले का माह्याशी?”

नत्थुजींनी डबा खाली ठेवला.

“मांगच्या वेळेस दोन सेकंदानं राह्यला, तं दोन महिने पोरगं तोंडातून शब्द काढत नव्हतं,” ती म्हणाली. “कालव्यावर जाऊन बसे. मी दुरून पाहत राहो. आता तं पुरा गाव पाहून राह्यला होता. मले वाटलं, वजनानं राह्यला तं पयन्यात कमी नाई पडला असं होईन. लोकाईनं खाऊ घातलं म्हणून राह्यला. त्याचा दोष नाई.”

“पन तो पयन्यात पास झाला,” नत्थुजी म्हणाले.

“ते मले काय मालूम होतं?”

दारात बंडू उभा होता. तो कधी आला ते दोघांनाही कळले नव्हते. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि हात-पाय धुवायला मागे निघून गेला.

जवानाची रुजू होण्याची तारीख बेचाळीस दिवस पुढे गेल्याचे भगवंतरावांनी गावाला सांगितले. गावाला आनंद झाला. मागच्या गल्लीतल्या नऊ घरांना आधी संधी मिळाली नव्हती, त्यांनी आता वार वाटून घेतले. फ्लेक्स अजून चौकात आहे. उन्हाने बंडूचा चेहरा फिका पडला आहे, गणवेश तसाच आहे. इमरानने नवा छापून द्यायची तयारी दाखवली होती. बंडूने नको सांगितले.

हे लिहीपर्यंतची शेवटची नोंद गेल्या मंगळवारची आहे. सकाळी सहा वाजता, बारदाना वजा जाता, बंडू सहासष्ट किलो दोनशे ग्रॅम भरला. हवे आहेत चौसष्ट. उरलेले दिवस चौतीस. अकोल्याहून मंजुषाचा रोज पहाटे पाचला फोन येतो आणि ती फक्त वेळ विचारते. घरच्यांना तिने अजून विचार करून सांगितलेले नाही.

काट्यावरून बापलेक घरी आले तेव्हा गोदाबाईने ताट केले. एक भाकर, वाटीभर वरण. नत्थुजी दाराशी उभे राहून पाहत होते. तुपाचा डबा पुन्हा भरलेला होता आणि त्याचे झाकण गोदाबाईच्या हातात होते.

“वाढू का?” तिने बंडूला विचारले.